मेंदूची पेशी विभागत नाही, कारण तिला रोज आवरून धरलेलं असतं

बांबोळीच्या गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात, मेंदूविकाराच्या रुग्णासोबत आलेल्या नातेवाइकांच्या तोंडी एक प्रश्न हमखास असतो. खरचटलेली कातडी आठवड्याभरात भरून येते, मोडलेलं हाड सांधतं, दान केलेलं रक्त शरीर पुन्हा तयार करतं, यकृताचा मोठा तुकडा काढला तरी उरलेलं वाढून बरंचसं पूर्ववत होतं. मग मेंदूच तेवढा का भरून येत नाही?

उत्तर बहुधा एका वाक्यात मिळतं: मेंदूच्या पेशी विभागत नाहीत. चेतापेशींपुरतं, म्हणजे मेंदूतल्या संदेश वाहून नेणाऱ्या पेशींपुरतं, वाक्य खरं आहे, पण ते ऐकून मनात उभं राहणारं चित्र चुकीचं असतं. आपल्याला वाटतं, या पेशींची विभागण्याची ताकद केव्हाच संपली आणि आता त्या आहे त्या स्थितीत नुसत्या पडून आहेत. गेल्या तीस-पस्तीस वर्षांतल्या संशोधनातून दिसलेलं चित्र निराळं आहे. विभाजनाची बरीचशी सामग्री या पेशींजवळ असते किंवा त्या ती पुन्हा तयार करू शकतात. तिला आयुष्यभर, दर दिवशी आवरून धरलेलं असतं. हा आवर सुटला तर एका पेशीच्या दोन होत नाहीत. बहुतेक वेळा ती पेशी मरते. स्मृतिभ्रंश आणि पक्षाघात समजून घेताना हाच धागा उपयोगी पडू लागला आहे.

गोव्याला हा विषय लांबचा नाही. २०११च्या जनगणनेत साठी ओलांडलेल्यांचं प्रमाण देशात ८.६ टक्के होतं, गोव्यात ११.२ टक्के. आपल्या पुढे फक्त केरळ. देशभरच्या एका मोठ्या पाहणीवरून २०२३ साली काढलेला अंदाज सांगतो की भारतात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे. दर सप्टेंबरात, अल्झायमर दिनाच्या आसपास, मोबाईलवर 'मेंदूच्या पेशी पुन्हा वाढवा' असं सांगणाऱ्या जाहिरातींचा पूर येतो. त्यातलं आश्वासन किती पोकळ आहे हे कळण्यासाठी आधी पेशी विभागते म्हणजे काय होतं ते पाहायला हवं.

एका पेशीच्या दोन कशा होतात

माणसाच्या बहुतेक पेशींच्या केंद्रकात ४६ गुणसूत्रं असतात आणि त्यांत सहा अब्जांहून जास्त अक्षरांची डीएनएची संहिता असते. विभागायचं तर या सगळ्याची एकदाच, पूर्ण आणि शक्य तितकी बिनचूक नक्कल करायची आणि दोन्ही बाजूंना समान वाटणी करायची. या फेऱ्याला पेशीचक्र म्हणतात. त्याचे चार टप्पे. पहिल्यात पेशी वाढते, भोवतालचे संकेत जोखते आणि विभागायचं की नाही ते ठरवते. दुसऱ्यात डीएनएची नक्कल होते. तिसऱ्यात ती तपासली जाते. चौथ्यात प्रत्यक्ष वाटणी. प्रयोगशाळेत जोमानं वाढणाऱ्या मानवी पेशीला या फेऱ्याला साधारण २४ तास लागतात, आणि त्यातली वाटणी तासाभराची. बाकी सगळी तयारीच.

या लेखापुरता पहिला टप्पा लक्षात ठेवा. त्याच्या शेवटाकडे एक जागा अशी येते की तिथून पुढे गेलेली पेशी सहसा मागे फिरत नाही. मेंदूची गोष्ट त्या जागेच्या अलीकडे-पलीकडेच घडते.

पोदेराचं यीस्ट आणि समुद्रातला काटेरी जीव

हे चक्र कोण चालवतं, याचं उत्तर मेंदूत नाही सापडलं. लेलँड हार्टवेल यांनी पाव फुगवणाऱ्या यीस्टवर काम केलं. पोदेराच्या कणकेत वाढते तीच जात. तिच्यातले विभाजन अडवणारे जनुकीय दोष त्यांनी एकेक करून शोधले. पॉल नर्स यांनी वेगळ्या जातीच्या यीस्टवर काम केलं आणि चक्र पुढे ढकलणारं एक जनुक ओळखलं. टिम हंट यांनी १९८२ साली अमेरिकेतल्या वुड्स होल इथल्या सागरी प्रयोगशाळेत समुद्री अर्चिनची, म्हणजे खडकांच्या फटींत राहणाऱ्या त्या काटेरी गोळ्यासारख्या जीवाची, फलित अंडी पाहिली. एक प्रथिन दर विभाजनाआधी साठत जाई आणि विभाजनाच्या वेळी एकदम नाहीसं होई. तिघांना २००१ सालचं वैद्यकाचं नोबेल मिळालं.

मला यातला सर्वांत विलक्षण भाग १९८७चा वाटतो. नर्स यांच्या प्रयोगशाळेनं यीस्टमधल्या बिघडलेल्या जनुकाच्या जागी माणसाचं जनुक काम करतं असं दाखवलं. यीस्ट आणि माणूस यांच्या वाटा वेगळ्या होऊन अब्जभर वर्षं झाली असावीत, तरी विभाजनाचा कारभार अदलाबदल करण्याइतका सारखा राहिला.

आता दोन नावं शिकून घेऊ. साठणारं आणि नाहीसं होणारं प्रथिन म्हणजे सायक्लिन. ते ज्याच्याशी जोडी जमवतं ते विकर (एन्झाइम) म्हणजे सीडीके. सीडीके दुसऱ्या प्रथिनांवर फॉस्फेट चिकटवतं आणि त्यांचं काम चालू किंवा बंद करतं. सायक्लिनशिवाय ते जवळजवळ निष्क्रिय असतं. चक्राच्या वेगवेगळ्या टप्प्यांवर वेगवेगळ्या जोड्या काम करतात.

यांना आवरणारी प्रथिनंही आहेत. तीन पुरेत. आरबी हे प्रथिन डीएनएची नक्कल सुरू करणाऱ्या जनुकांना दाबून ठेवतं. सीडीकेनं त्याच्यावर पुरेसे फॉस्फेट चिकटवले की ते बाजूला होतं. पी२७ थेट सायक्लिन-सीडीकेच्या जोडीला बिलगून तिला थंड करतं. आणि सीडीएच१ नको असलेल्या सायक्लिनवर खूण करवून घेतं, मग पेशी ते सायक्लिन मोडीत काढते.

खाजनाचा बांध

गोव्यातल्या वाचकाला हे समजावण्यासाठी खाजन शेतीहून चांगला दाखला मला सापडलेला नाही. दिवाडी, चोडण, बार्देशच्या खाड्यांकाठची ही शेतं भरतीच्या पातळीच्याही खाली असतात. बांध आणि मानस यांच्या जोरावर तिथं भात पिकतं. भरतीच्या पाण्याचा दाब आला की मानशीची लाकडी दारं मिटतात, ओहोटीला उघडून आतलं पाणी बाहेर सोडतात. शेत कोरडं दिसतं म्हणून खाडी आटली असं गावात कुणी म्हणत नाही. खाडी तिथंच असते, दिवसातून दोनदा दारावर येते. बांधाची डागडुजी थांबली, दार कुजलं, की खारं पाणी आत शिरतं. आणि खारं पाणी आत आलं म्हणून शेताची खाडी होत नाही; फक्त उभं पीक जातं.

मेंदूतल्या चेतापेशीचं तसंच आहे. विभाजनाला उद्युक्त करणारे संकेत थांबलेले नसतात. आरबी, पी२७, सीडीएच१ आणि त्यांचे सोबती ते अडवून धरतात. ही प्रथिनं पेशी सतत नव्यानं बनवत असते, सतत कामाला लावत असते. 'मेंदूच्या पेशी विभागत नाहीत' या वाक्यात हे सारं काम लपून जातं.

चेतापेशी जन्मते ती घटका

मेंदूच्या पेशी कधीच विभागत नव्हत्या असं नाही. प्रौढ माणसाच्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी असतात आणि त्या गर्भातल्या थोड्याशा मूळपेशींपासून विभागत विभागतच आलेल्या असतात. प्रश्न असा की मूळपेशी विभागणं सोडून चेतापेशी व्हायचं केव्हा ठरवते.

उंदराच्या गर्भात हे बारकाईनं मोजलं गेलंय. मेंदूच्या वरच्या थराच्या मूळपेशी सुमारे सहा दिवसांत अकरा फेऱ्या करतात. सुरुवातीला एक फेरी साधारण आठ तासांची असते, शेवटी अठरा तासांची. वाढलेला वेळ जवळजवळ सगळा पहिल्या टप्प्यात जातो: तीन तासांवरून बारा तासांवर. विचार करायला मिळालेला हा वाढीव वेळ आहे, असं म्हणायचा मोह होतो. पण हा वेळ चेतापेशी जन्मण्याचं कारण आहे की नुसता सोबतीला आलेला बदल?

त्याची परीक्षा दोन्ही बाजूंनी झाली. २००३ साली सीडीकेला अडवणारं औषध उंदरांच्या गर्भाला देऊन चक्र लांबवलं, तर मूळपेशी वेळेआधीच चेतापेशी होऊ लागल्या. २००९ साली उलटं केलं: सीडीके४ आणि त्याचं सायक्लिन जास्तीचं पुरवून पहिला टप्पा आखूड केला, तर मूळपेशी विभागतच राहिल्या आणि चेतापेशी व्हायला उशीर झाला. म्हणजे वेळेचा परिणाम खराखुरा आहे.

असं का होतं, याचा एक दुवा सापडला आहे. न्यूरोजेनिन-२ नावाचं प्रथिन मूळपेशीतली 'चेतापेशी हो' सांगणारी जनुकं चालू करतं. सीडीके जोरात असतं तेव्हा ते न्यूरोजेनिनवर ठिकठिकाणी फॉस्फेट चिकटवतं आणि त्याची डीएनएवरची पकड सैल होते. सीडीके मंदावलं की फॉस्फेट कमी, पकड घट्ट, आणि पेशी चेतापेशीच्या वाटेला लागते. विभाजन चालवणारं विकरच चेतापेशी होण्याला आडवं येतं. दोन्ही निर्णय असे एकमेकांत गुंतलेले.

पी२७ तर याहून पुढे जातं. विभाजन थांबवणं हे त्याचं एक काम. न्यूरोजेनिन मोडीत निघू न देणं हे दुसरं. आणि नव्यानं जन्मलेल्या चेतापेशीला तिच्या थरापर्यंत सरकत जायला मदत करणं हे तिसरं. ही कामं प्रथिनाच्या वेगवेगळ्या भागांनी होतात. सीडीकेशी बिलगणारा भाग निकामी केला तरी चेतापेशी घडवण्याचं काम चालू राहतं. मला पी२७ची गोष्ट फार आवडते ती यासाठीच. थांबवणारं प्रथिन म्हणून ज्याची ओळख झाली ते घडवणारंही निघालं.

माणसात मेंदूच्या वरच्या थराच्या बहुतेक चेतापेशी गर्भारपणाच्या पहिल्या सहा-सात महिन्यांत जन्मतात. या काळात मूळपेशींच्या चक्रात गडबड झाली तर नंतर भरपाई नसते. २०१५-१६ साली ब्राझीलमध्ये झिका विषाणूनं हेच दाखवलं. हा विषाणू गर्भातल्या मूळपेशींत शिरतो, त्यांचं चक्र बिघडवतो, त्यांना मारतो, आणि बाळ लहान डोक्याचं जन्मतं. जागतिक आरोग्य संघटनेनं १ फेब्रुवारी २०१६ रोजी आणीबाणी जाहीर केली होती. २०२४ साली पुण्यात गर्भवतींमध्येही झिका आढळला. तो पसरवणारा एडिस डास म्हणजे आपल्याकडे पावसाळ्यात डेंग्यू पसरवतो तोच. गरोदर बाईच्या घरी साचलेलं पाणी ओतून टाकण्याचा आग्रह होतो, त्यामागे हेही एक कारण आहे.

आवर सुटला तर

आरबी हे नाव डोळ्याच्या एका कर्करोगावरून आलं, रेटिनोब्लास्टोमा. लहान मुलांच्या दृष्टिपटलात या जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडल्या की ही गाठ होते. (फोटोत बाळाच्या एका बाहुलीत लाल ऐवजी पांढरी चमक दिसत राहिली तर थांबू नका, त्याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञाला दाखवा. लवकर सापडला तर हा रोग बहुतेक वेळा बरा होतो.) म्हणून १९९२ साली आरबी नसलेले उंदीर तयार केले तेव्हा गाठींची अपेक्षा होती. ते उंदीर गर्भातच मेले, आणि त्यांच्या चेतासंस्थेत गाठींऐवजी मोठ्या प्रमाणावर पेशी मरत असलेल्या दिसल्या. पुढे कळलं की यातला बराच भाग वारेतल्या बिघाडामुळे होता. निरोगी वार मिळाली तर पुष्कळ पेशी वाचतात. विज्ञानात एखादा ठळक निष्कर्ष असा अर्धा मागे घ्यावा लागतो, आणि तेही सांगायलाच हवं.

पण मूळ मुद्द्याला दुसरीकडून आधार मिळाला. लहान मेंदूत पुर्किंजे नावाच्या मोठ्या चेतापेशी असतात. त्यांच्यात आरबीला निकामी करणारं एक विषाणूचं प्रथिन घातलं, तर त्या वाढल्या नाहीत, हळूहळू नष्ट झाल्या. सीडीएच१ काढून घेतलेल्या चेतापेशींत विभाजनाचं सायक्लिन साठलं, त्यांनी डीएनएची नक्कल सुरू केली आणि त्या मेल्या. शरीरभर पसरलेल्या चेतापेशींना जगण्यासाठी लागणारं पोषक प्रथिन, ज्याच्या शोधासाठी रिता लेव्ही-मोंताल्चिनी आणि स्टॅनली कोहेन यांना १९८६चं नोबेल मिळालं, ते काढून घेतलं तरी मरणाऱ्या पेशींत आधी सायक्लिन डी१ वाढलेलं दिसतं. मरणाच्या वाटेवरची पेशी विभाजनाचे पहिले हातवारे करते.

दोन का होत नाहीत? एक कारण तिच्या रचनेत आहे. कंबरेपासून पायाच्या अंगठ्यापर्यंत जाणारी चेतापेशी मीटरभर लांब असू शकते, हजारो जोडण्या सांभाळते. ती मधोमध चिरली जाण्यासारखी उरलेलीच नसते. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. आरबी बाजूला झाल्यावर जी जनुकं मोकळी सुटतात, त्यांत डीएनएच्या नकलेची जनुकं असतात तशी पेशीला स्वतःहून मरायला लावणारीही असतात. विभागणाऱ्या पेशीला भोवतालून जगण्याचे संकेत मिळत असतात, तिथं ही दुसरी बाजू दबते. चेतापेशीत ती वरचढ ठरते.

तिसरी गोष्ट आपल्या अंगणातल्या सदाफुलीनं शिकवली आहे. तिच्यातून मिळणारं व्हिंक्रिस्टीन हे रक्ताच्या कर्करोगावरचं जुनं औषध. विभाजनाच्या वेळी गुणसूत्रं ओढून वेगळी करणाऱ्या सूक्ष्म नलिका ते बनू देत नाही, म्हणून कर्करोगाची पेशी अडते. मग न विभागणाऱ्या चेतापेशीला त्याचा त्रास व्हायला नको. तरी हे औषध घेणाऱ्यांच्या हातापायांना मुंग्या येतात, बधिरता येते. कारण चेतापेशीनं त्याच नलिका वाहतुकीला लावलेल्या असतात: पेशीच्या धडापासून टोकापर्यंत माल त्यांच्यावरूनच जातो. विभाजनासाठी त्या परत मागायच्या तर वाहतूक मोडावी लागेल.

अल्झायमरच्या मेंदूत काय दिसलं

१९९०च्या दशकात अल्झायमरनं गेलेल्यांचे मेंदू तपासताना संशोधकांना चेतापेशींत सायक्लिनं आणि सीडीके सापडू लागली, जिथं ती असायला नकोत तिथं. ती नुसती तिथं पडलेली आहेत की काम करताहेत? २००१ साली कार्ल हेरप यांच्या गटानं ठरावीक डीएनए-तुकड्यांच्या प्रती मोजल्या. काही चेतापेशींत दोन ऐवजी तीन किंवा चार प्रती निघाल्या. पेशीनं नक्कल केली होती. वाटणी केली नव्हती. आणि ज्या भागांत पेशी मरतात त्याच भागांत हे दिसलं. नंतर विसरण्याच्या अगदी सुरुवातीच्या अवस्थेत असलेल्यांच्या मेंदूतही त्या खुणा सापडल्या. म्हणजे अशी पेशी अर्धवट अवस्थेत महिनोन्‌महिने तग धरत असावी.

अल्झायमरच्या दोन ओळखीच्या खुणा आहेत: पेशींबाहेर साठणारं अमायलॉइड हे प्रथिन आणि पेशींच्या आत गुंता करणारं टाऊ हे प्रथिन. प्रयोगशाळेत अमायलॉइडच्या छोट्या गुठळ्या उंदराच्या चेतापेशींना चक्रात ढकलू शकतात, पण त्या पेशींत टाऊ असलं तरच. टाऊ काढून टाकलेल्या पेशी ढळत नाहीत. दोन्ही खुणांना जोडणारा हा एक धागा ठरू शकतो.

'हे कारण की परिणाम?'

रास्त शंका आहे, आणि या क्षेत्रातला खरा वाद इथंच आहे. मरणासन्न पेशीत अनेक गोष्टी बिघडतात. विभाजनाची प्रथिनं त्यांतलीच एक असतील. मृत्यूनंतर तपासलेल्या मेंदूत आधी काय झालं ते दिसत नाही. शिवाय जास्तीचा डीएनए असलेल्या काही चेतापेशी निरोगी मेंदूतही नांदताना आढळल्या आहेत, म्हणजे चक्रात पाऊल टाकलेली प्रत्येक पेशी मरतेच असं नाही. मोजण्याच्या पद्धतींवरही मतभेद आहेत. माझं मत विचाराल तर पुर्किंजे पेशींचे आणि सीडीएच१चे प्रयोग मला निर्णायक वाटतात ते एवढ्यापुरते, की आवर काढला तर चेतापेशी मरू शकते. माणसाच्या अल्झायमरमध्ये मृत्यूचा किती वाटा या वाटेनं जातो, हे त्यांतून ठरत नाही. 'अल्झायमर म्हणजे मेंदूच्या पेशींचा फसलेला कर्करोग' अशी सनसनाटी वाक्यं म्हणूनच टाळावीत.

एक सीडीके वेगळंच निघालं

सीडीके५ घराण्यातलंच, पण विभाजन चालवण्याचं काम त्याचं नाही. त्याची जोडी सायक्लिनशी नाही, पी३५ या प्रथिनाशी जमते, आणि ते मुख्यतः चेतापेशींत काम करतं. १९९६ साली ते नसलेले उंदीर तयार केले, तेव्हा त्यांच्या मेंदूचे थर विस्कटलेले होते आणि पिल्लं जन्माच्या आसपासच मेली. चेतापेशींना त्यांच्या जागी पोचवायला ते लागतं.

पण पेशीवर ताण आला, आत कॅल्शियम वाढलं, की एक विकर पी३५चा तुकडा पाडतं. उरलेला पी२५ हा भाग जास्त टिकतो आणि सीडीके५ला भलतीकडे, भलत्या वेळी कामाला लावतो. मग टाऊवर नको तितके फॉस्फेट बसतात. एकच विकर योग्य जोडीदारासोबत मेंदू घडवतं, तुटक्या जोडीदारासोबत तो बिघडवू शकतं.

'मग मेंदूत गाठी कशा होतात?'

मेंदूत चेतापेशींखेरीज आधार देणाऱ्या पेशी असतात आणि त्यांतल्या पुष्कळ विभागू शकतात. मोठ्यांच्या मेंदूतल्या बहुतेक गाठी त्यांच्यातून, मेंदूच्या आवरणांतून किंवा दुसऱ्या अवयवांतून पसरून आलेल्या असतात. लहान मुलांत मेड्युलोब्लास्टोमासारख्या गाठी अजून चेतापेशी न झालेल्या, विभागत असलेल्या पेशींतून येतात. पूर्ण वयात आलेल्या चेतापेशीपासून गाठ होणं फारच विरळ. तिच्यावरचा आवर किती अनेक पदरी आहे, त्याचंच हे लक्षण.

'पण नव्या चेतापेशी तयार होतात असं वाचलं होतं'

तेही पूर्ण खोटं नाही. शीतयुद्धातल्या अणुचाचण्यांमुळे हवेतला कार्बन-१४ वाढला आणि १९६३नंतर घटत गेला. पेशी जन्मते तेव्हाचा कार्बन तिच्या डीएनएत राहतो, त्यावरून तिचं वय काढता येतं. स्टॉकहोमच्या योनास फ्रिसेन यांच्या गटानं असं वय काढलं, तर मेंदूच्या वरच्या थरातल्या चेतापेशी माणसाच्याच वयाच्या निघाल्या. स्मृतीशी निगडित हिप्पोकॅम्पसमध्ये मात्र रोज सुमारे सातशे नव्या चेतापेशी जोडल्या जातात, असं त्यांनी २०१३ साली मांडलं. २०१८ साली दुसऱ्या एका गटाला प्रौढांत त्या जवळजवळ सापडल्याच नाहीत. वाद चालू आहे. पण नव्या पेशी होत असल्या तरी त्या तिथल्या मूळपेशींतून होतात. जुनी चेतापेशी विभागून नव्हे. आणि कुठल्याही चूर्णानं त्या वाढून माणसाची स्मृती परत आल्याचा पुरावा नाही.

'विभाजन मुद्दाम चालू केलं तर?'

कानात आवाज टिपणाऱ्या केसपेशी चेतापेशींसारख्याच एकदा गेल्या की परत येत नाहीत. २००५ साली उंदरांच्या या पेशींतून आरबी काढून पाहिलं. त्या खरंच विभागल्या, काही काळ कामही करत होत्या. मोठी बातमी झाली. पुढच्या वर्षी कळलं की वाढत्या वयात त्या नष्ट झाल्या आणि उंदीर बहिरे झाले. आवर पूर्ण काढला तर काय होतं, हे इतक्या स्पष्टपणे दाखवणारे प्रयोग थोडे. पुढचं संशोधन आता आधार देणाऱ्या पेशींनाच चेतापेशीत बदलता येईल का याकडे वळलं आहे, तेही प्राण्यांत, आणि त्यातल्या काही दाव्यांवर जोरदार आक्षेप आहेत.

'आवर घट्ट करणारं औषध तरी?'

सीडीके अडवणारी औषधं आहेत आणि ती रोज वापरली जातात, पण मेंदूसाठी नव्हे. स्तनाच्या काही कर्करोगांसाठी पाल्बोसिक्लिबला अमेरिकेत २०१५ साली मान्यता मिळाली. भारतात २०२३च्या सुरुवातीला पेटंट संपल्यावर त्याच्या स्वस्त आवृत्त्या आल्या. ते सीडीके४ आणि सीडीके६ अडवतं. त्यानं पांढऱ्या पेशी कमी होतात, कारण अस्थिमज्जेला सतत विभागावं लागतं.

मेंदूच्या बाबतीत सर्वांत जास्त अभ्यासलेल्या औषधांपैकी एकाची मुळं आपल्या सह्याद्रीत आहेत. डिसोक्सायलम बायनेक्टॅरिफेरम या पश्चिम घाटात वाढणाऱ्या झाडातल्या रोहितुकीन या द्रव्यावरून, मुंबईत झालेल्या कामातून, फ्लेव्होपिरिडॉल तयार झालं. २००० साली उंदरांच्या मेंदूचा रक्तपुरवठा तोडून ते दिलं, तर कमी चेतापेशी मेल्या. डोक्याला मार दिलेल्या उंदरांतही नुकसान कमी झालं. माणसात तसा उपयोग अजून सिद्ध झालेला नाही, आणि अडचणी खऱ्या आहेत. अल्झायमर वर्षानुवर्षं चालतो. तेवढा काळ सीडीके अडवायचं तर रक्त आणि आतडी यांचं काय? मेंदूत औषध पोचू न देणारा रक्तवाहिन्यांचा पडदा ओलांडायचा कसा? सीडीके५ला आवरताना त्याचं चांगलं कामही थांबलं तर?

आणि पक्षाघातात वेळेचा प्रश्न. प्रयोगातल्या उंदराला झटक्याच्या वेळीच औषध देता येतं. काणकोणहून निघालेल्या रुग्णाला बांबोळी गाठायलाच तास-दीड तास जातो. आज हातात असलेला सिद्ध उपाय पेशीचक्राचा नाही, रक्ताची गुठळी विरघळवणाऱ्या औषधाचा आहे. ते साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि देण्याआधी मेंदूचं सीटी स्कॅन करून रक्तस्राव नाही याची खात्री करावी लागते. चेहरा एका बाजूला ओढला गेला, हात उचलेना, बोलणं अडखळू लागलं, तर झटका कधी सुरू झाला ती वेळ लिहून घ्या आणि १०८ला फोन करा. वेळ माहीत नसेल तर माणूस शेवटचा धडधाकट कधी दिसला ते सांगा. डॉक्टर तिथून तास मोजतात.